पाण्याचा तराजू

तांदूळ धुताना किडके दाणे वर येतात आणि निकोप दाणे तळाशी बसतात. तापलेल्या तेलात सोडलेली पुरी क्षणभर तळ गाठते आणि फुगताच वर येते. ताक घुसळले की लोणी वर येते. आमटीवर तेलाचा तवंग चढतो. मध मात्र पाण्याच्या पेल्यात सोडला तर सरळ खाली जाऊन बसतो. कोणत्याही सुगृहिणीस हे नव्याने सांगावयास नको. कोकणातील भातशेती करणारा शेतकरी पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतो आणि तळाशी राहिलेले भरदार दाणेच रोपवाटिकेत पेरतो. निवड करणारे हात अनुभवी असतात. परंतु खरी निवड करते ते पाणी.

शेरभर लोखंड जड की शेरभर कापूस, असा एक जुना प्रश्न मुलांना फसविण्यासाठी विचारला जातो. त्यात मूल फसते, याचे कारण ‘जड’ या एकाच शब्दात दोन निरनिराळ्या कल्पना दडलेल्या आहेत. एक निव्वळ वजनाची, आणि दुसरी ते वजन किती जागेत सामावले आहे याची. या दुसरीलाच शास्त्रात घनता म्हणतात. पाण्याची घनता एक धरली तर खाद्यतेलाची व तुपाची ०.९१ ते ०.९२, गाईच्या दुधाची १.०३, ताज्या अंड्याची सुमारे १.०८ आणि मधाची १.४२ च्या आसपास भरते. सफरचंदाच्या गरात चतुर्थांशाइतकी हवा असते, म्हणून ते पाण्यावर तरंगते. बटाट्यात पिष्ट अधिक, म्हणून तो बुडतो. हे आकडे आज शाळेतील मुलेही काढू शकतात. परंतु या दोन कल्पना एकमेकींपासून सोडविण्यास मनुष्यजातीला सुमारे दोन हजार वर्षे लागली, आणि तो वाद एका राजाच्या भोजनाच्या पंक्तीपर्यंत जाऊन पोहोचला.

या विषयाचा आद्य ग्रंथकार आर्किमिडीज. तो सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीचा रहिवासी, इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने ते नगर जिंकले तेव्हा तो मारला गेला. त्याची मुकुटाची कथा सर्वश्रुत आहे. हायरो राजाने सोन्याचा मुकुट करविला, सोनाराने त्यात चांदी मिसळल्याचा संशय आला, आणि स्नानाच्या वेळी हौदातील पाणी सांडताना पाहून आर्किमिडीजला युक्ती सुचली. मग तो ‘सापडले, सापडले’ असे ओरडत विवस्त्रच रस्त्याने धावत सुटला. ही कथा सांगणारा रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस आर्किमिडीजच्या मागून सुमारे दोनशे वर्षांनी होऊन गेला, आणि स्वतः आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत तिचा मागमूस नाही. शिवाय ती हिशेबातही नीट बसत नाही. हजार ग्रॅमच्या मुकुटात तीनशे ग्रॅम चांदी मिसळली असे धरले, तर शुद्ध सोन्याहून त्याचे आकारमान जेमतेम १३ घन सेंटिमीटरने वाढते. वीतभर रुंदीच्या भांड्यात तेवढ्याने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही चढणार नाही. डोळ्यांना असा फरक दिसणे दुरापास्त. परंतु तोच मुकुट आणि तेवढ्याच वजनाची सोन्याची लगड तराजूच्या दोन टोकांना टांगून दोन्ही पाण्यात सोडली, तर मुकुटाची बाजू तेरा ग्रॅमने, म्हणजे तोळ्याहून थोडी अधिकच, हलकी भरते. आणि तोळ्याचा फरक कोणत्या सोनाराच्या काट्याला कळत नाही?

आर्किमिडीजने खरोखर जे लिहून ठेवले ते या कथेहून कितीतरी मोलाचे आहे. ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या त्याच्या दोन भागांच्या ग्रंथात सिद्धान्त असा आहे की, पाण्याहून हलकी वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते त्या पाण्याचे वजन वस्तूच्या वजनाइतके होईपर्यंतच ती पाण्यात उतरते; आणि पाण्याहून जड वस्तू बुडते खरी, परंतु पाण्यात असताना तिचे वजन तिने सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते. सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. त्या ग्रंथाचे दैव मात्र विचित्र. मूळ ग्रीक संहिता शतकानुशतके नष्ट झाली असेच समजले जात होते, आणि युरोपचे काम १२६९ मध्ये विल्यम ऑफ मोरबेक या धर्मगुरूने केलेल्या लॅटिन भाषांतरावर चालले होते. पुढे १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश पंडिताला कॉन्स्टँटिनोपल येथे एक जुनी चर्मपोथी पाहावयास मिळाली. वर ख्रिस्ती प्रार्थना लिहिलेल्या, आणि त्यांच्याखाली खरवडून पुसलेली फिकट ग्रीक अक्षरे. तेराव्या शतकात चामडे महाग म्हणून कोणा लेखकाने आर्किमिडीज खरवडून त्यावर प्रार्थना उतरविल्या होत्या. अर्थात त्या प्रार्थना नसत्या तर ते चामडे इतकी वर्षे कोणी जपून ठेवले असते, असेही नाही.

मधल्या काळात ही विद्या अगदीच लोपली नव्हती. इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील सायनेसियस नावाच्या गृहस्थाने अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया हिला एक पत्र लिहिले. आपली प्रकृती फार ढासळली आहे, तेव्हा आपल्यासाठी एक पाणी मोजण्याचे यंत्र करवून पाठवावे, अशी त्यात विनंती आहे. आणि त्या यंत्राचे वर्णनही आहे. पाव्याएवढी एक नळी, तिच्या अंगावर ओळीने खुणा, आणि ती उभी राहावी म्हणून तळाशी शंकूच्या आकाराचे वजन. आजही प्रयोगशाळेत घनतामापक म्हणून जी काचेची नळी वापरतात ती हीच. आजारी मनुष्याला तिचा काय उपयोग, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात पिण्याचे पाणी पारखण्यासाठी, कोणी म्हणतात औषधी काढे तयार करण्यासाठी. हायपेशियाने ते पाठविले की नाही याची नोंद नाही. इ. स. ४१५ मध्ये एका धर्मांध जमावाने तिची हत्या केली.

त्यानंतर सातशे वर्षांनी, मध्य आशियातील मर्व्ह नगरात, खाजिनी नावाच्या विद्वानाने ‘मीजान अल्-हिक्मा’, म्हणजे ‘शहाणपणाचा तराजू’, हा अरबी ग्रंथ रचला. साल इसवी ११२१. हा मनुष्य मूळचा गुलाम. धन्याने त्याला शिकविले आणि पुढे तो सुलतान संजरच्या आश्रयास आला. त्याच्या आधी अल्-बेरूनीने, ज्याचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ इकडे सुपरिचित आहे, त्याने रत्ने व धातू यांची घनता आश्चर्य वाटावे इतक्या अचूकपणे मोजली होती. खाजिनीने ती सारी माहिती एकत्र केली, पाच पारड्यांचा तराजू वर्णिला आणि सोन्यारत्नांबरोबर स्वयंपाकघरातील जिनसाही पाण्याशी ताडून पाहिल्या. त्याच्या कोष्टकात जैतुनाचे तेल आहे, मध आहे, दूध आहे, कोंबडीचे अंडेही आहे. तेलाचा त्याचा आकडा ०.९२० आणि आजचा आकडा यांत नाव घेण्याजोगा फरक नाही. दुधाचा मात्र त्याने बराच जास्त दिला आहे. कोणते पाणी प्रमाण धरावयाचे हेही त्याने सांगून ठेवले आहे, कारण विहिरीचे, नदीचे, थंड आणि ऊन अशी पाणी सारखी भरत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक होते. मोजमापाच्या शास्त्रात ही जाण फार उशिरा येते. तिच्यावरून माणसाची योग्यता कळते.

आता इटलीतील फ्लॉरेन्स शहराकडे वळावयाचे. साल १६११, उन्हाळ्याचे दिवस. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा राजगणिती आणि तत्त्ववेत्ता गॅलिलिओ गॅलिली नुकताच रोमहून मानसन्मान घेऊन परतला आहे. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिल्याने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले आहे, आणि त्याच प्रमाणात त्याचे हितशत्रूही वाढले आहेत. या मनुष्याला आर्किमिडीजचा व्यासंग तरुणपणापासूनचा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १५८६ मध्ये, त्याने ‘छोटा तराजू’ या नावाचे एक टिपण लिहिले होते आणि व्हिट्रुव्हियसची मुकुटकथा फारच ढोबळ आहे, आर्किमिडीजने तराजूच पाण्यात वापरला असला पाहिजे, असे त्यात म्हटले होते. त्या तराजूच्या दांडीवर त्याने बारीक तार गुंडाळावयास सांगितली आहे. तारेचे वेढे इतके सूक्ष्म की डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून त्यांवरून टोकदार सुरी हळूच फिरवावी आणि हाताला लागणारे अडथळे व कानाला येणारा आवाज यांवरून ते मोजावेत, अशी ती युक्ती. संगीतज्ञ बापाच्या मुलाला ती सुचावी, यात नवल नाही.

फ्लॉरेन्समधील एका विद्वन्मंडळीत थंडीच्या गुणधर्मांवर चर्चा चालली होती. अॅरिस्टॉटलच्या अनुयायांनी म्हटले की, थंडी पदार्थांना आवळते, तेव्हा बर्फ म्हणजे आवळलेले पाणी. मग ते जड होऊन बुडत का नाही? तर त्याचा आकार पसरट असतो, आणि पसरट आकाराला पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून. गॅलिलिओने नेमके उलट मत मांडले. बर्फ तरंगते, त्या अर्थी ते पाण्याहून हलके असलेच पाहिजे, आणि म्हणून ते आवळलेले नव्हे तर विरळ झालेले पाणी होय. आकाराचा येथे संबंधच नाही; कारण पसरट बर्फ हाताने तळापर्यंत दाबून सोडले तर तेच वर येते. जो आकार त्याला खाली जाऊ देत नाही, तो वर तरी कसा येऊ देतो?

या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते. परंतु काही दिवसांनी लोडोव्हिको देल्ले कोलोंबे हा त्याचा जुना प्रतिपक्षी शिसवीसारख्या काळ्या जड लाकडाची, म्हणजे एबनीची, एक पातळ चकती आणि त्याच लाकडाची एक गोळी घेऊन पुढे आला. गोळी पाण्यात टाकताच बुडाली. चकती पाण्यावर अलगद ठेवली, ती तरंगत राहिली. लाकूड एकच, पाणी एकच. फरक काय तो आकाराचा. शहरभर लोकांना तो प्रयोग दाखविण्यात आला, आणि गॅलिलिओची फजिती झाली असे पुष्कळांना वाटले.

गॅलिलिओच्या चरित्रकारांनी कोलोंबेला बहुधा मूर्खात काढले आहे. ते न्यायाचे नाही. त्याची चकती खरोखरच तरंगत होती, आणि डोळ्यांनी दिसणारी गोष्ट कोणत्याही वादात नाकारता येत नाही. गॅलिलिओने ती नाकारली नाही. तो खाली वाकून अधिक बारकाईने पाहू लागला. त्याला दिसले की, चकती पाण्याच्या पातळीला नसून किंचित खाली, पाण्यातच झालेल्या एका उथळ खळगीत बसली आहे, आणि सभोवार पाण्याचा छोटासा बांध उभा आहे. खळगीतली हवा आणि चकती मिळून जी वस्तू होते ती पाण्याहून हलकी. म्हणून ती तरंगते, आणि येथेही आर्किमिडीजच खरा ठरतो. चकती आधी भिजवून घ्या, ती कोणत्याही आकाराची असो, बुडेल. हे उत्तर चोख होते. परंतु तो पाण्याचा बांध कोसळत का नाही, याचे समाधानकारक कारण गॅलिलिओलाही देता आले नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, तो ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, याची शास्त्रीय उपपत्ती इंग्लंडात टॉमस यंग आणि फ्रान्सात लाप्लास यांनी १८०५ च्या सुमारास मांडली. तुपाचा हात लागलेली सुई पाण्यावर अलगद ठेवून तरंगविणारे मूल कोलोंबेचाच प्रयोग करीत असते.

या चव्हाट्यावरच्या भांडणात आपल्या राजगणिताने पडू नये, जे काय ते लिहून मांडावे, अशी ग्रँड ड्यूक कोझिमोची इच्छा होती. तथापि त्या वर्षीच्या शरद ऋतूत दोन कार्डिनल पाहुणे म्हणून आले असता त्याने स्वतःच भोजनाच्या वेळी हा वाद पुन्हा रंगविला. पाहुण्यांपैकी कार्डिनल गोन्झागा याने अॅरिस्टॉटलचा पक्ष घेतला. दुसऱ्याने मोठ्या उत्साहाने गॅलिलिओची बाजू उचलून धरली. त्याचे नाव माफ्फेओ बार्बेरिनी. हाच पुढे १६२३ मध्ये आठवा अर्बन म्हणून पोपच्या गादीवर बसला, आणि याच्याच कारकीर्दीत, १६३३ मध्ये, पृथ्वी फिरते या मतापायी गॅलिलिओला गुडघे टेकून आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. बर्फाविषयी ज्याने त्याचा कैवार घेतला, त्याला पृथ्वीविषयी तो घेता आला नाही.

‘पाण्यावर राहणाऱ्या अथवा पाण्यात हालणाऱ्या वस्तूंविषयी’ हे गॅलिलिओचे पुस्तक १६१२ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. ते त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियन भाषेत लिहिले. त्यावर एकापाठोपाठ एक खंडनपर पुस्तके आली. कोलोंबे या आडनावात पारव्याचा अर्थ आहे, म्हणून गॅलिलिओचे मित्र त्या विरोधी कंपूला ‘पारव्यांची टोळी’ म्हणू लागले. थट्टा मोठी मजेदार, पण महागात पडली. बर्फाच्या वादात दुखावलेली ही मंडळी काही वर्षांतच त्याच्यावर धर्मद्रोहाचा ठपका ठेवणारांत सामील झाली.

बर्फाबद्दल गॅलिलिओचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पाणी गोठताना त्याचे रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर धरून पोकळ जाळीसारखी रचना करतात, आणि आकारमान अकराव्या हिश्शाच्या आसपास वाढते. म्हणून बर्फाची घनता ०.९१७ भरते आणि गोठलेली बाटली फुटते. हिंदुस्थानातील शहरवासीयांना हा पदार्थ सहजासहजी दिसू लागला तो एकोणिसाव्या शतकात. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाने भरलेले पहिले जहाज कलकत्त्यास आले, आणि लवकरच मुंबईकरांच्या पेल्यांतही ते परदेशी बर्फ तरंगू लागले. त्या पहिल्या जहाजाचे नाव होते ‘टस्कनी’. निव्वळ योगायोग, पण गॅलिलिओला तो आवडला असता.

तत्त्ववेत्त्यांचा वाद मिटला, तशी व्यापाऱ्यांची आणि सरकारांची या विद्येवर नजर गेली. इंग्लंडात मधाची दारू करणाऱ्या गृहिणी त्यापूर्वीपासूनच मधाच्या पाण्यात अंडे सोडीत, आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसू लागला की मध पुरेसा झाला असे समजत. १६६९ मध्ये छापलेल्या सर केनेल्म डिग्बीच्या पाकपुस्तकात अशा कृती आहेत. घनतामापक तो हाच, फक्त काचेऐवजी कवचाचा! परंतु कराची आकारणी अंड्यावर करता येत नाही. अल्कोहोल पाण्याहून हलके, तेव्हा दारू जितकी कडक तितकी मापकाची नळी तीत खोल जाते. या तत्त्वावर बार्थोलोम्यू साइक्सने पितळेचे जे उपकरण केले त्याला ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ च्या कायद्याने मान्यता दिली. साइक्स तेव्हा हयात नव्हता. त्याचे उपकरण मात्र साम्राज्याबरोबर हिंदुस्थानात आले, आणि मोहाची दारू किती ‘अंडर प्रूफ’ हे मुंबई इलाख्यातील अबकारी कामगार त्यावरून ठरवू लागले.

दुधाची गोष्ट याहून अवघड निघाली. दारूत पाणी आणि अल्कोहोल या दोनच मुख्य वस्तू. दुधात पाण्याहून हलकी चरबी आहे आणि पाण्याहून जड अशी साखर, प्रथिने व क्षारही आहेत. पॅरिसच्या एका रुग्णालयातील औषधतज्ज्ञ क्वेव्हेन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खास दुधासाठी मापक तयार केले. त्यावरील ३२ हा आकडा म्हणजे १.०३२ ही घनता. गाईच्या अशा दुधात दहावा हिस्सा पाणी घातले की आकडा २९ च्या खाली येतो आणि लबाडी उघडकीस येते. नगरपालिकांना हे साधन म्हणजे वरदानच वाटले.

ते वरदान फार काळ टिकले नाही. दुधावरची साय काढून घेतली तर हलका अंश गेल्याने उरलेले दूध अधिक घन होते आणि आकडा ३६ पर्यंत चढतो. मग त्यात दहावा हिस्सा पाणी ओतले की तो उतरून ३२ च्या आसपास येतो. म्हणजे लोणीही काढले आणि पाणीही घातले, तरी नळी मात्र निर्वाळा देते की दूध निर्भेळ आहे. उलटपक्षी एखाद्या प्रामाणिक गवळ्याने नुकतीच धार काढलेले कोमट दूध दारात आणले, तर ते ऊन असल्याने आणि त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असल्याने आकडा कमी दाखविते, आणि बिचारा गवळी नाहक चोर ठरतो. आर्किमिडीजच्या सिद्धान्तात यत्किंचितही चूक नव्हती. एका आकड्यावरून दोन अज्ञात गोष्टी काढता येत नाहीत, एवढेच.

मार्ग निघाला तो १८९० मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात. तेथील रसायनज्ञ स्टीफन बॅबकॉक याने लांब मानेच्या बाटलीत दूध घेऊन त्यात तीव्र गंधकाम्ल घातले. आम्लाने चरबीखेरीज बाकी सारे विरघळून टाकले. मग बाटली यंत्रात गरगर फिरविली, की जड द्रव तळाकडे रेटला जाई आणि हलकी चरबी आपोआप बाटलीच्या मानेत चढे. मानेवरच्या रेघा वाचल्या की दुधात चरबी शेकडा किती ते कळे. ताकावर लोणी येते तोच न्याय. बॅबकॉकने या शोधाचे पेटंट घेतले नाही. पुढे स्वित्झर्लंडमधील गर्बर याने तशीच पद्धत काढली, आणि हिंदुस्थानातील दुग्धशाळांत तिचाच प्रसार झाला. सात-आठ टक्के चरबीच्या म्हशीच्या दुधात पाणी घातले तरी ते गाईच्या दुधासारखे दिसते. तेव्हा अशा परीक्षेची गरज येथे अधिकच होती. दुधाचा भाव चरबीवर ठरू लागला, तेव्हा पाणी घालणारालाच त्याचा तोटा होऊ लागला.

घनतामापकाचे एक काम मात्र अजूनही मोकळ्या आभाळाखाली चालते. पॅरिसच्या आंत्वान बोमे या औषधविक्रेत्याने १७६८ मध्ये आपल्या मापकावर खुणा करताना शुद्ध पाण्याला शून्य धरले आणि शेकडा पंधरा मीठ असलेल्या पाण्याला पंधरा. त्याचे अंश जगभरच्या मिठागरांत रुजले. कोकणपट्टीत पावसाळा सरल्यावर खाडीचे पाणी आगरात घेतात, तेव्हा ते सुमारे तीन अंश बोमे असते. एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरता फिरता ऊन आणि वारा त्यातले पाणी उडवून नेतात. आधी चिरोडी तळाशी बसते, आणि पंचवीस अंशांच्या सुमारास मिठाचे खडे धरू लागतात. जुना आगरी पाण्याचा रंग आणि त्यावरची साय पाहूनच हे ओळखतो. नळीचा आकडा तो नंतर पाहतो. पण तिसाव्या अंशाशी त्यालाही सावध राहावे लागते. त्यापुढे मॅग्नेशियमचे क्षार बसू लागतात आणि मीठ कडवट व ओलसर होते. म्हणून खाली उरलेले ते तेलकट पाणी वेळीच बाजूला काढून आगर पुन्हा खाडीच्या नव्या पाण्याने भरतात.